कॅम्परमधले आतले लाइट लागत नसतील तर छत उघडायच्या आधी हे वाचा

हल्ली आपल्या ठाणे-नवी मुंबईकडे सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये टेम्पो ट्रॅव्हलरची केलेली कॅम्पर (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) नाहीतर गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर दिसायला लागलाय, २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं त्यानंतर या विषयावर बोलणारे लोकही वाढलेत, आणि स्वतःच्या हाताने अशी गाडी तयार करणारी हौशी मंडळी बघून मला मनापासून आनंद होतो. पण पहिला पावसाळा गेला की ज्याला विचाराल त्याची तक्रार तीच. आतले लाइट कधी लागतात, कधी नाही, कधी नुसते मिणमिणतात, दार जोरात आपटलं की चालू होतात.

यात नवल काही नाही. इथे खाडीची खारट दमट हवा आहे, चार महिने पाऊस आहे आणि घोडबंदर रोडपासून मुंबई-गोवा हायवेपर्यंतचे खड्डे आहेत, आणि वायरिंगचा जीव नेमका या दोनच गोष्टी घेतात, ओल आणि हादरे. त्यामुळे एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: वायर मधल्यामध्ये सहसा तुटत नाही, ती जिथे जोडलीये तिथे बिघडते, आणि त्यातही मायनसच्या बाजूला जास्त, कारण प्लसची काळजी सगळे घेतात आणि मायनस कुठेतरी एका स्क्रूखाली दाबून मोकळे होतात. म्हणून छताचा प्लाय उचकटायची घाई करू नका. आधी बिघाड कुठल्या दोन टोकांच्या मध्ये आहे ते शोधायचं, मग तेवढीच जागा उघडायची. ज्यांनी आजवर मल्टीमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं यंत्र) हातात धरलेला नाही त्यांच्यासाठीच लिहितेय, त्यामुळे काही गोष्टी अगदी मुळापासून सांगते.

घरची वायरिंग आणि ही वायरिंग वेगळी

घरात २३० व्होल्ट एसी असतं, कॅम्परमधले लाइट मात्र वेगळ्या बॅटरीवर, १२ व्होल्ट डीसीवर चालतात. एलईडीला प्लस-मायनस असतं, उलटं जोडलं तर बहुतेक लाइट लागतच नाहीत, खराब झालाय असं वाटतं आणि लोक नवीन विकत आणतात. घरातला स्क्रू ड्रायव्हरसारखा टेस्टर इथे काही कामाचा नाही, त्यातला निऑन १२ व्होल्टवर पेटतच नाही, तेव्हा टेस्टर पेटला नाही म्हणून वायरमध्ये करंट नाही असं कधीच समजू नका.

दुसरं म्हणजे मायनस परत कुठून येतो ते बघा. व्हॅनची केलेली कॅम्पर असेल तर पत्र्याची बॉडीच मायनसचं काम करते, लाइटची काळी वायर जवळच्या पत्र्याला स्क्रूने लावलेली असते, याला आपले इलेक्ट्रिशियन बॉडी अर्थ म्हणतात. ट्रेलरचं अंग प्लाय किंवा फायबरचं असेल तर बॉडीतून काहीच वाहणार नाही, तिथे मायनसची वेगळी वायर बॅटरीपर्यंत गेलेली असते. आपल्याकडे यातलं काय आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रंगांवर तर अजिबात विसंबू नका. आपल्याकडे गाड्यांमध्ये काळी वायर साधारण मायनस असते, पण अमेरिकन ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा काळी प्लस आणि पांढरी मायनस असते, आणि आपण सगळे शिकतो ते तिकडचे व्हिडिओ बघून. मीटर लावून खात्री केली की मगच ती वायर प्लस.

ट्रेलरचे मागचे ब्रेक आणि इंडिकेटरचे लाइट हा वेगळा विषय, ते ओढणाऱ्या गाडीच्या प्लगमधून चालतात, इथे फक्त आतल्या लाइटचं बोलतेय.

सामान

एक साधा डिजिटल मल्टीमीटर, हजाराच्या आत चांगला मिळतो. ५ वॅटचा १२ व्होल्टचा छोटा बल्ब होल्डरसकट, त्याला दोन वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, तोही तसाच. पाच-सहा मीटर सुटी वायर दोन्ही टोकांना क्लिप लावून. क्रिंपिंगचं टूल (वायरीवर कनेक्टर चेपून बसवायचं), थिंबल (वायरीच्या टोकाला चेपायचा धातूचा कनेक्टर), चिकट गोंद असलेल्या हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणाऱ्या नळ्या), वायर सोलायचं टूल, थोडे ५ आणि ७.५ अँपिअरचे ब्लेड फ्यूज, पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली. मीटर आणि कनेक्टरसाठी लॅमिंग्टन रोड, वायरसाठी लोहार चाळ, पण एवढ्यासाठी मुंबईत जायलाच हवं असं नाही, तुर्भे-कळंबोलीकडे ऑटो पार्ट्सच्या दुकानात बहुतेक मिळून जातं. तिथे बल्ब घेताना १२ व्होल्टचा असं ठणकावून सांगा, कारण कळंबोलीला गिऱ्हाईक ट्रकचं आणि मोठ्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची, त्यामुळे २४ चा बल्ब हातात पडू शकतो आणि मग तो मिणमिणता लागला की तुम्ही चांगल्या वायरवर संशय घेत बसाल.

मीटर नवीन असेल तर एक काळजी. लाल प्रोब (मीटरची टोकदार वायर) १० अँपिअरच्या भोकात नाही ना ते दर वेळी बघा, तिथे ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात तर तुम्ही प्लस-मायनस थेट जोडल्यासारखंच होतं आणि ठिणगी उडते. खटका डीसी व्होल्टच्या २० वर. व्ही अक्षराशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी, नागमोडी रेघ म्हणजे एसी.

हात लावायच्या आधी

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देते, पाना लाल होतो, अंगठी किंवा बांगडी मध्ये आली तर हात भाजतो. अंगठ्या, कडं, बांगड्या, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बाहेरून २३० चा प्लग लावला असेल तर काढा, इन्व्हर्टर बंद करा, सोलर असेल तर आधी पॅनलची वायर सोडा आणि मग बॅटरीची, कारण बॅटरी नसताना पॅनल जोडलेलं राहिलं तर काही चार्ज कंट्रोलर खराब होतात. वायर कापताना-जोडताना बॅटरी सोडलेली हवी, मापं घेताना परत जोडलेली. बॅटरी सोडताना मायनस आधी, प्लस नंतर, जोडताना बरोबर उलटं, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी काही होत नाही. गॅसची शेगडी असेल तर सिलिंडर बंद, खिडक्या-दार उघडं.

आणि २३० व्होल्टच्या बाजूला, म्हणजे बाहेरचा प्लग, इन्व्हर्टरचं आउटपुट, चार्जरची आतली बाजू, नवख्याने हात लावायचा नाही. ते काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं.

नुसतं बघून अर्धं काम होतं

मीटर काढायच्या आधी संध्याकाळी गाडीत दहा मिनिटं बसा आणि एकेक लाइट लावत कागदावर लिहा, कुठला लागतो, कुठला नाही, कुठला मंद. गाडीचा वरून दिसेल तसा साधा चौकोन काढा आणि त्यावर खुणा करा. ही पायरी सगळे गाळतात आणि नंतर तासन्‌तास भटकतात.

एकच लाइट बंद असेल तर बहुतेक तो लाइट, त्याचं बटण किंवा त्याच्या मागचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग. शेजारचा चांगला लाइट काढून तिथे लावून बघा, लागला तर वायरिंग ठीक आहे, लाइट बदला, विषय संपला.

एका जागेपासून पुढचे सगळे बंद असतील तर फार सोपं आहे, कारण लाइट एकाला एक असे साखळीने जोडलेले असतात, तेव्हा शेवटचा चालू लाइट आणि पहिला बंद लाइट या दोघांच्या मध्येच बिघाड, आणि बहुतेक वेळा तो या दोन लाइटच्या मागच्या जॉइंटमध्येच सापडतो.

सगळेच बंद असतील तर बॅटरी, मेन स्विच, फ्यूज, मायनसची मुख्य वायर. बाहेरचा प्लग लावला की लागतात आणि बॅटरीवर लागत नाहीत, तर बॅटरीकडचा फ्यूज किंवा बॅटरीचे टर्मिनल. पाण्याचा पंप चालू झाला की लाइट मंद होत असतील तर दोघांच्या सामाईक वायरीत कुठेतरी कच्चा जॉइंट आहे नाहीतर बॅटरी थकलीये. फक्त गाडी चालताना लुकलुकत असतील तर काहीतरी ढिलं आहे. आणि बटण बंद केल्यावरही लाइट अगदी अंधुक पेटत राहत असेल, पावसाळ्यात जास्त, तर बघा, कोणीतरी बटण मायनसच्या वायरीत टाकलेलं असेल आणि ओलीतून थोडा करंट बॉडीला जात असेल. बटण नेहमी प्लसमध्येच हवं.

बॅटरी आणि फ्यूज

लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंग काढून काही तास ठेवल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, ११.८ च्या खाली गेली तर रिकामीच समजा. लिथियम फॉस्फेट असेल तर १३.२-१३.३ वर बराच वेळ बसून राहते त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून ती किती भरलीये ते कळत नाही, आणि फारच उतरली तर तिच्या आतलं सर्किट स्वतःच बंद करतं.

फ्यूज डोळ्यांनी बघून चांगला ठरवू नका. लाइट चालू ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या ठिपक्यांवर मीटर लावा, म्हणजे काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि लाल आधी एका ठिपक्यावर मग दुसऱ्यावर. दोन्हीकडे १२ आले तर ठीक, एकीकडे १२ आणि दुसरीकडे शून्य तर फ्यूज गेलाय. फ्यूज काढून त्याचे पाय आणि बेसच्या खाचाही बघा, आपल्या हवेत तिथे हिरवट थर चढतो आणि फ्यूज चांगला असूनही लाइट बंद राहतो.

आता हिशोब. ३ वॅटचे सहा लाइट म्हणजे १८ वॅट, भागिले १२, दीड अँपिअर. म्हणजे ५ अँपिअरचा फिकट तपकिरी किंवा फार तर ७.५ चा तपकिरी फ्यूज पुरेसा आहे. तुमच्या लाइटच्या जागी २० चा पिवळा किंवा ३० चा हिरवा दिसला तर आधी कोणीतरी सारखा उडतो म्हणून मोठा टाकलाय, तो आजच काढा. फ्यूज लाइटला नाही, वायरीला वाचवायला असतो. बारीक वायरीवर मोठा फ्यूज ठेवला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि छतातली वायर जळते, आणि छतात आपण प्लाय, फोम, कापड भरून ठेवलेलं असतं. चॉकलेटची चंदेरी किंवा वायरीचा तुकडा लावून तात्पुरतं काम चालवणं तर कधीच नको.

मीटर १२ दाखवतो पण लाइट लागत नाही

इथे नवखा माणूस हमखास अडकतो. मल्टीमीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे जॉइंट आतून गंजून नुसता टेकलेला असला तरी तो आरामात १२ दाखवतो. पण लाइट लावला, करंट वाहायला लागला, की त्या गंजक्या जॉइंटवरच बरेचसे व्होल्ट पडतात आणि लाइटपर्यंत पुरेसे पोचत नाहीत. म्हणून मापायचं ते लोड लावून, म्हणजे करंट घेणारं काहीतरी चालू ठेवून. लाइटच्या जागी तो ५ वॅटचा बल्ब क्लिपने लावा. झगझगीत पेटला तर वायरिंग चांगली, लाइट खराब. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर वायरिंगमध्ये बिघाड, आणि बल्ब तसाच लावलेला ठेवून पुढची मापं घ्यायची.

आता ती लांब सुटी वायर काढा. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरच्या काळ्या प्रोबला. लाल प्रोब बल्बच्या मायनस क्लिपवर. दोन्ही मायनसच, म्हणजे मीटरने शून्याजवळ दाखवायला हवं. ०.१, ०.२ चालेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर मायनसच्या रस्त्यात कच्चा जॉइंट आहे. पुरे १२ आले तर मायनस तुटलेलीच आहे.

मग तसंच प्लससाठी, सुट्या वायरीचं टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरा प्रोब बल्बच्या प्लस क्लिपवर, इथेही शून्याजवळच यायला हवं. मात्र ही वायर लावताना सांभाळा, बॅटरीच्या प्लसला जोडलेलं उघडं टोक पत्र्याला लागलं तर शॉर्ट, म्हणून मीटरकडचं टोक आधी जोडा आणि बॅटरीकडचं शेवटी, शक्य तर मध्ये फ्यूज घालून.

या दोन मापांत तुम्हाला कळलं की बिघाड प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये, आणि अजून छताचा एक स्क्रूसुद्धा काढलेला नाही. मला विचाराल तर या लेखातली एवढी एकच गोष्ट शिकलात तरी खूप झालं.

बटणाचीही अशीच परीक्षा, बटण चालू ठेवून त्याच्या दोन पायांवर मीटर लावा, शून्य आलं पाहिजे, १२ आले तर बटण आतून जोडत नाहीये.

आता बाजू कळली, जागा शोधायची. सहा लाइट असतील तर एका टोकापासून सुरू करू नका, मधल्या तिसऱ्या लाइटचं झाकण काढून तिथे तेच माप घ्या. तिथे चांगलं आलं तर बिघाड पुढे, वाईट आलं तर मागे, बॅटरीच्या बाजूला. असं निम्मं निम्मं करत गेलात की दोन-तीन मापांतच दोन लाइटच्या मधला तुकडा हाती येतो. मापताना वायर हलकेच हलवत राहा, आकडा नाचला की तोच जॉइंट.

मायनस बॉडीला लावलेली असेल तर तो स्क्रू सापडला की काढून बघा. खाली रंग असतो, गंज असतो, कधीकधी तर स्क्रू फक्त प्लायमध्येच गेलेला असतो आणि पत्र्याला निसटता टेकलेला. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, वायरीला गोल थिंबल लावा, दातेरी वॉशर घाला, नट-बोल्टने घट्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. जेली आधी लावू नका, नंतर. छतातला पत्र्याचा स्क्रू मायनससाठी मला मान्य नाही. वेळ असेल तर सगळ्या लाइटचे मायनस एका वायरीने बॅटरीजवळच्या बसबारवर (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) आणा, मग तिथे एकाच जागी बघायचं राहतं.

फ्यूज सारखा उडत असेल तर

म्हणजे प्लस कुठेतरी मायनसला किंवा पत्र्याला टेकतोय. एकामागून एक फ्यूज जाळत बसू नका. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांत तो २१ वॅटचा बल्ब जोडा. सगळे लाइट आणि बटणं बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, आणि बल्ब जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअरच जाऊ देतो त्यामुळे वायर तापत नाही. आता एकेक कपलर सुटा करत, वायर हलवत जा, ज्या क्षणी बल्ब विझेल तिथे शॉर्ट. सगळी बटणं बंद असताना बल्ब विझलेलाच असेल आणि एखादं बटण दाबल्याबरोबर पूर्ण पेटला तर त्या बटणापुढचा भाग. बल्ब खूप तापतो, त्याला पडद्यापासून आणि गादीपासून लांब टांगा.

शॉर्ट सापडायच्या जागा ठरलेल्या आहेत. पत्र्याच्या भोकातून वायर रबरी ग्रोमेटशिवाय (भोकाच्या कडेला बसवायच्या रिंगशिवाय) गेलेली असते आणि हादऱ्यांनी कापली जाते. वरची कपाटं लावताना स्क्रू वायरीत घुसलेला असतो. आणि उंदीर. नाल्याजवळ किंवा झाडीच्या कडेला गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर पावसाळ्यात ते आत येतातच, कपाटांच्या मागे लेंड्या दिसल्या तर वायरिंग त्याच बाजूने तपासायला घ्या आणि ज्या भोकातून ते आले ते जाळी लावून बुजवा, नाहीतर नवी वायर पण त्यांचीच.

जॉइंट कसा करायचा

वायर पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळणं घरात एक वेळ चालतं, गाडीत नाही. मे महिन्यात बंद गाडीच्या छतात टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते आणि जून आला की उघड्या तांब्यावर ओल बसते. सोल्डरिंगही मी गाडीत टाळते, कारण जिथे सोल्डर संपतं तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. क्रिंप सगळ्यात चांगलं.

आधी जुनी वायर कापत मागे या, आतल्या तारा लालसर चकचकीत दिसेपर्यंत. काळ्या किंवा हिरव्या पडलेल्या तारांवर कितीही छान क्रिंप केलं तरी सहा महिन्यांत परत तेच. कापून वायर कमी पडली तर तुकडा जोडा, पण खराब तांबं ठेवू नका. सहा-सात मिलिमीटर सोला, एकही तार तुटू न देता. कनेक्टरचा रंग वायरीप्रमाणे, लाल दीड चौरस मिलिमीटरपर्यंत, निळा अडीचपर्यंत. पकडीने चेपणं म्हणजे क्रिंप नाही, त्याला टूलच हवं. चेपल्यावर दोन्ही बाजूंनी जोरात ओढून बघा, निघून आलं तर बरंच झालं, आत्ताच कळलं. मग गोंदवाली स्लीव्ह सरकवून हॉट एअर गनने तापवा, कडेने गोंद थोडा बाहेर आला की आत पाणी जात नाही. स्लीव्ह आधीच वायरीत ओवून ठेवा, नंतर जाणार नाही. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने किंवा केबल टायने बांधा, वजन आणि हादरा जॉइंटवर यायला नको.

आणि जॉइंट अशा ठिकाणी करा जिथे परत हात पोचेल, लाइटच्या झाकणामागे किंवा कपाटात. छताच्या आत, प्लायच्या वर एकही जॉइंट गाडू नका.

वायरच बदलायची असेल तर

कुरतडलेली किंवा आतून काळी पडलेली वायर बदलावीच लागते. तांब्याची, बारीक तारांची लवचिक वायर घ्या, एकाच जाड तारेची नको, ती हादऱ्यांनी तुटते. आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ लिहिलेलं बघून घ्या. लाइटसाठी १.५ चौरस मिलिमीटर. लोक म्हणतात एवढ्याशा एलईडीला अर्धा पुरतो, तर बघा, दीड अँपिअर, जाऊन-येऊन १२ मीटर वायर, ०.५ मध्ये साधारण ०.६ व्होल्ट वाटेत जातात, १.५ मध्ये ०.२. बॅटरी उतरलेली असताना हा फरक डोळ्यांना दिसतो.

जुनी वायर छतात स्टेपल केलेली किंवा फोममध्ये अडकलेली असेल तर ओढायचा हट्ट करू नका. तिची दोन्ही टोकं सोडवून, झाकून तशीच ठेवा आणि नवी वायर छत आणि भिंतीच्या कोपऱ्यातून पीव्हीसीच्या केसिंग पट्टीत न्या, घरात असते तीच. दिसायला थोडं साधं वाटतं पण पुढच्या वेळी पट्टीचं झाकण उघडलं की वायर समोर.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. उष्णता अडवायला छतात थर्माकोल घातलेलं असेल तर पीव्हीसीची वायर त्याला चिकटून ठेवू नका. पीव्हीसीला मऊ ठेवणारं रसायन थर्माकोलमध्ये शोषलं जातं, थर्माकोल विरघळल्यासारखं होतं आणि वायरीचं वरचं कव्हर कडक होऊन तडकतं. मध्ये पाइप किंवा पट्टी हवीच.

पट्टीचे लाइट सारखे जळतात त्यांच्यासाठी

रोलवर मिळणारी एलईडी पट्टी १२ व्होल्टची म्हणतात, पण तिच्यात तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असे तुकडे असतात. १२ व्होल्टला रेझिस्टरवर दोन-अडीच व्होल्टच पडतात. गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला बॅटरी १४.४ पर्यंत जाते, तो वाढीव सगळा बोजा रेझिस्टरवर येतो आणि करंट दुपटीकडे जातो. पट्टी तापते, काही तुकडे लुकलुकतात, मग विझतात, आणि आपण वायरिंगला दोष देतो. यावर उपाय म्हणजे ज्यावर १० ते ३० व्होल्ट लिहिलंय असे लाइट घेणं, नाहीतर पट्टीच्या आधी १२ व्होल्टला स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर लावणं.

पाणी आलं कुठून

जॉइंट हिरवा पडलेला सापडला तर तो नीट करून थांबू नका, पाणी शोधा. छतावरच्या पंख्याची कड, सोलर पॅनलचे स्क्रू, वर लावलेल्या रॅकचे बोल्ट, इथलं सीलंट दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं. पाणी वायरीवरूनच वाहत येतं आणि गळती जिथे आहे तिथून लांब, एखाद्या लाइटमध्ये टपकतं. म्हणून लाइटच्या आधी वायरीला खाली झोका द्या, पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडेल, लाइटमध्ये जाणार नाही. पावसाची वाट बघायची गरज नाही, एकजण वरून पाइपने थोडं थोडं पाणी सोडेल आणि दुसरा आत टॉर्च घेऊन बसेल, खालच्या कडेपासून सुरू करून वर जायचं.

कधी थांबायचं

वायरींचा जुडगा वितळलेला दिसला, बॅटरीच्या पेटीतून जळकट वास आला, बॅटरी फुगलेली दिसली, तर स्वतः काही करू नका, बॅटरी सुटी करून माणूस बोलवा. तुर्भे-कळंबोलीचे ऑटो इलेक्ट्रिशियन हाताने फार पक्के असतात, पण त्यांना ट्रकची सवय, मायनस जवळच्या लोखंडाला लावायची. तुमचा ट्रेलर वेगळ्या मायनसचा असेल तर काम सुरू व्हायच्या आधीच त्यांना सांगा, "दादा, याला बॉडी अर्थ नाहीये, मायनसची वायर वेगळी आहे," आणि तो चौकोन काढलेला कागद हातात द्या. लोडवर घेतलेली मापं पण त्यावर लिहिलेली असतील तर त्यांचा आणि तुमचा दोघांचा वेळ वाचतो.

सगळं झाल्यावर लगेच छत बंद करू नका. सगळे लाइट आणि पंप एकत्र चालू करून अर्धा तास ठेवा, प्रत्येक नव्या जॉइंटला आणि फ्यूज बॉक्सला बोट लावून बघा, कोमट सुद्धा लागायला नको. मग गाडी खराब रस्त्यावरून थोडी फिरवून आणा, परत आल्यावर लोडवरची तीच मापं पुन्हा घ्या आणि आधीच्या आकड्यांशी ताडून बघा. प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवा, कुठून कुठे जाते आणि फ्यूज किती अँपिअरचा, आणि तो कागद फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत लावून टाका. छताचे स्क्रू त्यानंतर आवळा.